सारा, फाळा आणि पावती

आमच्या कुंभीकाठच्या गावात ‘कर’ हा शब्द बोलताना कुणाच्या तोंडात यायचा नाही. जमिनीचा तो सारा, घराचा तो फाळा, पाण्याची ती पट्टी, नाक्यावरची ती जकात आणि इनामाच्या रानावरची ती जुडी. कर हा शब्द शाळेच्या पुस्तकात होता, गावात नव्हता. गावातल्या प्रत्येक शब्दामागं एक ओळखीचा माणूस उभा असायचा. सारा म्हटलं की तलाठी आणि त्याच्या पुढं दवंडी देत जाणारा कोतवाल. फाळा म्हटला की पंचायतीचा शिपाई. जकात म्हटली की फुलेवाडीच्या नाक्यावरचा, कानाला पेन्सिल लावलेला कारकून. पैसे कोण नेतंय ते दिसायचं, म्हणून त्याच्याशी भांडताही यायचं. कोल्हापूरच्या मातीत हे भांडण जुनं आहे.

सगळ्यात जुनी गोष्ट साऱ्याची. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या सल्ल्यानं कारभार चालला होता आणि दाजी कृष्ण पंडित यांच्या हातात सूत्रं होती. किल्ल्यांवरच्या गडकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या चाकरीबद्दल जमिनी होत्या. त्या जमिनींचा कारभार मामलेदारांच्या हाताखाली घालायचं ठरलं आणि सामानगड, भुदरगडाचे दरवाजे आतून बंद झाले. पुढं तोफा आल्या, किल्ले पडले. पुस्तकात त्याला ‘गडकऱ्यांचं बंड’ म्हणतात. माझे आजोबा त्याला एवढंच म्हणायचे, “वसुलीला नवा माणूस आला, त्यो लोकांस्नी पटला न्हाई.”

आजोबांना नवा वसूलदार पटलाही होता, तो मात्र दुसऱ्या कारणानं. त्यांच्या लहानपणी गावचं दप्तर वतनदार कुलकर्ण्यांकडं असायचं. कुणाच्या नावावर किती रान, किती सारा, काय बाकी, हे एका घराला कळायचं आणि बाकी गावानं ऐकून घ्यायचं. १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन बंद केलं आणि पगारी तलाठी नेमले. त्याच काळात महार वतनाची वेठही मोडली आणि त्या जमिनी रयताव्यानं कसणाऱ्यांच्या नावावर करण्याचं पाऊल टाकलं. इतिहासाच्या पुस्तकात ही सामाजिक सुधारणा म्हणून येते, आणि ती होतीच. पण आमच्या घरात तिचा एक साधा अर्थ होता. सारा घेणारा माणूस पगारी झाला, म्हणजे त्याच्याकडं पावती मागता येऊ लागली.

ही पावती फार मोठी वस्तू होती. आजोबांना वाचता येत नव्हतं. तरी पत्र्याच्या डब्यात त्यांनी साऱ्याच्या पावत्या वर्षावार सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. कुठलं बंडल कुठल्या सालाचं हे ते कागदाच्या रंगावरून आणि गाठीवरून सांगायचे. अंग भिजलं तरी चालेल, पण डबा भिजता कामा नये, असा घरात दंडक होता. नदीला पूर आला की पोरांच्या आधी डबा माळ्यावर जायचा.

१९३९ साली जयसिंगपूरला कोल्हापूर संस्थानची प्रजा परिषद उभी राहिली. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार ही तिची मोठी माणसं. जबाबदार राज्यपद्धती हवी, ही शहरातल्या शिकलेल्यांची भाषा. खेड्यातली माणसं त्या चळवळीकडं वळली ती मुख्यतः शेतसारा कमी करा या मागणीनं. भाव पडलेले, सारा मात्र जागचा हलत नव्हता. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आजोबांच्या डब्यात त्याची खूण एवढीच, की पावतीवरचा शिक्का बदलला.

पुढं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. कायदा १९६६ चा, अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून. साऱ्याचे जुने आकडे त्यानंतर फारसे वाढले नाहीत. आज कुणी गाव नमुना ८-अ चा उतारा हातात घेतला तर आकारणीच्या रकान्यात इतका किरकोळ आकडा दिसतो की नव्या पिढीला हसू येतं. पण त्याच ओळीत पुढं सरकून बघावं. स्थानिक उपकराचे दोन रकाने असतात, एक जिल्हा परिषदेचा आणि एक ग्रामपंचायतीचा. मूळ साऱ्यापेक्षा हे उपकरच जास्त होतात. म्हणजे आपण ज्याला सरकारचा सारा समजतो, त्यातला मोठा भाग जिल्ह्याच्या आणि गावच्या कारभारासाठी असतो. पीक गेलं आणि गावाची पैसेवारी पन्नासच्या खाली आली, तर साऱ्यात सवलत मिळते. त्यामुळं पैसेवारी काढायला माणसं रानात येत, तेव्हा गावातला पोरसोर सुद्धा बांधावर हजर असायचा.

साऱ्यानंतर जकात. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, आणि शहरात येणाऱ्या मालावरची जकात हा तिचा मोठा आधार. आमच्या लहानपणी गुऱ्हाळाच्या दिवसांत रात्रीच गाड्या जुपायच्या. गुळाचे रवे भरायचे, वर वैरण टाकायची आणि बालिंग्याचा पूल ओलांडून पहाटे फुलेवाडीच्या नाक्यावर यायचं. तिथं गाड्यांची रांग. कारकून कंदील वर करून विचारायचा, “काय हाय गाडीत?” वडील धोतराच्या सोग्यातली गाठ सोडायचे. ती सोडताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा, पण घासाघीस झाली तरी ते पावती घेतल्याशिवाय बैल हलवायचे नाहीत.

नाका ओलांडला की रंकाळ्याच्या बाजूचे दिवे दिसायचे. वडील कासरा सैल सोडून म्हणायचे, “ह्ये दिवं आपल्या जकातीवर जळत्यात बरं का.” शहरात आम्ही परके नव्हतो, असं त्या एका वाक्यानं वाटायचं. शाहूपुरीच्या बाजारात आडत्या ताटकळत ठेवायचा, हॉटेलात पायरीवर बसून चहा प्यावा लागायचा. तरी दिवे आमचे होते.

गावातला फाळा मात्र आमच्या डोळ्यांदेखत जन्माला आला. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा, जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासूनच्या. घरांवर, मोकळ्या जागेवर कर, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी यांची वेगळी पट्टी, जत्रेवर कर, सायकलीवर आणि बैलगाडीवर सुद्धा कर बसवायचा अधिकार पंचायतीला मिळाला. कौलारू घराला एक दर, माडीला दुसरा. आमच्या गल्लीत एकानं माडी बांधायची तीन वर्षं पुढं ढकलली, फाळा वाढेल म्हणून. शेवटी सोयरीक मोडायला लागली तेव्हा बांधली.

पण फाळ्यानं एक गोष्ट दिली. सरपंच गावातला, शिपाई गावातला आणि पैसेही गावातच राहणारे. सत्तरच्या दशकातली एक ग्रामसभा मला चांगली आठवते. तेव्हा बायका चावडीकडं फिरकायच्या नाहीत. माझी एक विधवा चुलती डोक्यावरचा पदर सारखा करत आली आणि फाळ्याची पावती सरपंचांच्या पुढं ठेवून म्हणाली, “अण्णा, ह्यात दिवाबत्ती म्हणून लिवलंय. मला वाचून दावलं पोरानं. आमच्या बोळात दिवा कुठं हाय?” सभा हसली. सरपंच हसले नाहीत. त्यांनी पावती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाले, “वैनी, दिवाळीच्या आत लावतो.” दिवा लागला, दिवाळीच्या नंतर, पण लागला. त्या बोळाला अजून आम्ही ‘काकूचा दिवा’ म्हणतो. तिला कायदा ठाऊक नव्हता. पावतीवर ज्या कामाचं नाव आहे ते काम मागता येतं, एवढं तिला कळलं होतं.

घरफाळ्याच्या कागदाबद्दल एक गैरसमज मात्र गावोगाव आहे, आणि त्यानं कित्येक भावकीची डोकी फुटली आहेत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. त्यात नाव आहे म्हणजे त्या नावानं कर लावलाय. त्यावरून घराची मालकी सिद्ध होत नाही. सातबारा सुद्धा महसुलाचं दप्तर आहे. उलट सिद्ध होईपर्यंत तो खरा धरतात, पण खरेदीखत, वाटणीपत्र यांची जागा तो घेत नाही. शिवाय तलाठ्याचा गाव नमुना ८-अ वेगळा आणि पंचायतीचा नमुना ८ वेगळा. पहिला रानाचा, दुसरा घराचा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. नावं बदलली तरी दोन दप्तरं दोनच राहिली आहेत. आजोबा म्हणायचे, सारा भरला की रान आपलं. कसणाऱ्याच्या काळजाला ते खरं आहे. कोर्टाला त्यासाठी आणखी कागद लागतात.

आता गावापासून थोडं लांब जायला हवं, कारण सगळ्यात शहाणा वाटलेला कर मला आमच्या हिरव्या पट्ट्यात भेटला नाही. ऐंशीच्या सुरुवातीला मला शिक्षकाची नोकरी लागली ती सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी मुलखात. पहिल्याच पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून काही रुपये कापलेले. सगळे शिक्षक कुरकुरत होते, नोकरी करणं म्हणजे काय धंदा आहे का म्हणून. वडील मला बघायला आले होते. गावाच्या कडेला पाझर तलावाचं काम चालू होतं. शे-दीडशे माणसं, त्यात बायकाच जास्त, पाट्या वाहत होत्या. मुख्याध्यापकांनी वडिलांना सांगितलं, की ही रोजगार हमीची कामं, आणि आपल्या पगारातला व्यवसाय कर यासाठीच कापतात.

ते खरं होतं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी हा प्रयोग आधी करून बघितला होता. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला बसली. १९७५ ला व्यवसाय कर आला, आणि पगारदारांनी, व्यापाऱ्यांनी दिलेल्या त्या पैशात सरकारनं तेवढीच भर घालायची असं ठरलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं बंधन झालं. देशाला तसा कायदा करायला २००५ साल उजाडलं. आज महाराष्ट्रात पगारदाराचे वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार रुपये कापतात, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. कितीतरी जणांना तो का कापतात हे निवृत्त होईपर्यंत कळत नाही.

वडील बांधावर उभं राहून ते काम बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे तुझ्या पगारातली पाटीभर माती हितं पडली की.” आणि उतरून त्यांनी मुकादमाला मस्टर दाखवायला सांगितलं. त्यांचा काय संबंध? पण पैसे आपल्या घरातून गेलेत तर हिशेब बघायचा, ही त्यांची नाक्यावरची सवय होती.

ही सवय एका माणसाची नव्हती, साऱ्या कोल्हापूरची होती. २०११ साली शहराची जकात बंद झाली आणि स्थानिक संस्था कर आला. नाक्यावरचे कारकून गेले, व्यापाऱ्यांच्या चोपड्या आल्या. फुलेवाडीचा रस्ता जरा मोकळा झाला. पण शहरातले रस्ते खाजगीकरणातून बांधले होते. त्यासाठी २०१३ च्या ऑक्टोबरात शहराच्या तोंडातोंडाशी टोलचे नाके सुरू झाले, आणि फुलेवाडीला आमची वाट पुन्हा अडली. आता गाडीत गुळाचे रवे नव्हते, दवाखान्याला निघालेलं म्हातारं माणूस होतं किंवा कॉलेजची पोरं.

त्या वेळी कोल्हापुरानं जे केलं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी म्हातारी माणसं उन्हात रस्त्यावर बसली. तालमी उतरल्या, बायका उतरल्या, रिक्षावाले उतरले, वकील उतरले. त्यांचा प्रश्न सोपा होता. घरफाळा देतो, गाडी घेताना वाहनकर देतो, पेट्रोलवर लिटरमागं देतो, मग गावातल्या गावात फिरायला आणखी पैसे कशाचे? रस्त्याचं काम किती झालं, कसं झालं, त्याची किंमत कुणी मोजली? जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. तो जाळपोळीचा भाग चांगला होता असं मी म्हणणार नाही. पण खऱ्या लढ्याचं बळ हिशेबात होतं. सामान्य माणूस कराराची कलमं आणि कामाचे आकडे तोंडपाठ बोलू लागला होता. पानसरे फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. २०१५ च्या अखेरीला सरकारनं टोल रद्द करायचं जाहीर केलं.

त्याच सुमाराला शहराच्या हद्दवाढीचं भांडण पेटलं. १९७२ ला महानगरपालिका झाली तरी हद्द जुनीच राहिली, आणि भोवतालची गावं शहराला जाऊन चिकटली. शहर म्हणतं, पाणी आमचं, बस आमची, दवाखाने आमचे, मग करही आमच्याकडं द्या. गावं म्हणतात, आत आल्यावर घरफाळा वाढेल, रानावर आरक्षणं पडतील आणि आमचा सरपंच जाऊन आमच्या बोळाचा दिवा कुठल्या तरी खात्याच्या यादीत जाईल. २०१७ मध्ये शहर आणि ४२ गावांसाठी प्राधिकरण नेमून सरकारनं मधला रस्ता काढला. वाद मिटला नाही. मला दोन्ही बाजू कळतात. कर वाढण्याची भीती आहेच. पण त्याच्याखाली दुसरी भीती आहे, की विचारायला जायचं कुणाकडं?

हीच भीती आता सगळ्यांच्या वाट्याला आली आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. जकात, स्थानिक संस्था कर, ऊस खरेदी कर असे कितीतरी जुने कर त्यात विरले. नाके गेले, ट्रकांच्या रांगा गेल्या, हे चांगलंच झालं. पण कर आता पुड्यात बांधून येतो. त्याचा निम्मा केंद्राला, निम्मा राज्याला. महापालिकेला जकातीच्या बदल्यात मुंबईहून भरपाई येते. पेट्रोल-डिझेल तेवढं बाहेर राहिलं, त्यावर राज्याचा वेगळा कर आहे. म्हणून तर कित्येक वर्षं आमच्याकडच्या गाड्या कागल ओलांडून निपाणीकडं गेल्या की टाकी भरून परतायच्या.

सुट्टीला पुण्याहून आलेला माझा एक पुतण्या जेवताना म्हणाला, “काका, आम्ही कर भरतो आणि शेतकरी फुकट.” मी त्याला कृषिसेवा केंद्राचं बिल दाखवलं. खतावर पाच टक्के, कीटकनाशकावर अठरा. व्यापारी आपल्या खरेदीवरचा कर पुढच्या विक्रीतून वजा करून घेतो. शेतकऱ्याचा ऊस, भात यांवर कर नाही, म्हणून त्याला ही वजावटही नाही. दिलेला कर त्याच्याच अंगावर राहतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही हे खरं. घटनेनं तो विषय राज्यांकडं ठेवला आहे, आणि बड्या बागायतदारांवर तो असावा की नको यावर मोकळेपणानं बोलावं. पण कर न भरणारा माणूस या देशात उरलेला नाही. काडेपेटी घेणारी म्हातारीही भरते. फरक एवढाच, की तिला कुणी पावती देत नाही.

आणि पावती नाही म्हणून प्रश्नही नाही. पंचायतीच्या कायद्यातली ग्रामसभा आहे तशीच आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पूर्वी फाळ्यावरून तिथं हातघाईवर यायची माणसं. आता गावात पैसा कितीतरी जास्त येतो. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. तो आपल्याच पुड्यातला, आपल्याच टाकीतला पैसा. पण तो वरून आल्यासारखा वाटतो, म्हणून लोक हिशेब विचारण्याऐवजी आभार मानतात. सभेला पंधरा-वीस डोकी, त्यात निम्मी सदस्यांच्या घरची.

मागच्या एका सभेला मी मागं बसलो होतो. विषय वाचून झाले, ‘मंजूर, मंजूर’ झालं. शहरात कॉलेजला जाणारी आमच्या गल्लीतली एक पोरगी उठली. हातात मोबाईल. ई-ग्रामस्वराजच्या पानावर पंचायतीचा जमाखर्च कुणालाही बघता येतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं मोठ्यानं वाचलं, पाण्याच्या कामाला या वर्षी किती आले, किती खर्ची पडले. मग विचारलं, “मग वरच्या आळीला पाणी चार दिवसांनी का येतंय?”

सभा हसली नाही. भिंतीला टेकून बसलेली दोन-तीन म्हातारी माणसं सरकून पुढं आली. त्यातल्या एकानं तिला सांगितलं, “बाळ, त्यो आकडा परत एकदा वाच. हळू वाच.”